सुरगाण्याहून नाशिकला : लेकराच्या तपासणीसाठी

नाशिक सोडून दिंडोरी, वणी मागे टाकली की द्राक्षांचे मांडव संपत जातात आणि रस्ता डोंगरांत शिरतो. पुढे बोरगावहून सुरगाण्याकडे वळायचे. सारे अंतर सुमारे ९० किलोमीटर. १९४८ पर्यंत सुरगाणा हे एक लहान संस्थान होते. आज तो गुजरातच्या सीमेला लागून असलेला, कोकणा, वारली, महादेव कोळी शेतकऱ्यांचा तालुका आहे. खाचरांत भात, उतारावर नागली, वरई, खुरासणी आणि अलीकडे बोरगावच्या आसपास स्ट्रॉबेरी. पाऊस दणकून पडतो. पण नार आणि पार नद्या ते पाणी घेऊन पश्चिमेला उतरतात, आणि उन्हाळ्यात बायाबापड्यांच्या डोक्यावर हंडे येतात.

याच रस्त्याने आपण कोर्टकचेरीला, बाजाराला, मजुरीला नाशिककडे जातो. आज मात्र याच वाटेने करायच्या एका निराळ्या प्रवासाविषयी लिहीत आहे. लहान लेकराला स्वमग्नता आहे की काय, हे तपासून घेण्याचा प्रवास.

माझे काम पिकांचे. पण पाड्यावर गेल्यावर ओट्यावर बसले की बोलणे घरातल्या माणसांवर येतेच. एका घरी चार वर्षांचा मुलगा होता. एसटीचा आवाज त्याला सगळ्यांच्या आधी कळे, पण नावाने हाक मारली तर वळून पाहत नसे. नागलीच्या काड्या तो तासन् तास एका ओळीत मांडी, आणि कोणी एक काडी हलवली की आकांत करी. शेजारी म्हणत, हट्टी आहे. आजी म्हणे, याचा बापही उशिराच बोलला. आई काहीच बोलत नसे, कारण बोलले की बोट तिच्याकडेच वळे.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट सांगतो. स्वमग्नता आईच्या माया कमी पडण्याने होत नाही. ग्रहणात भाजी चिरल्याने किंवा कोणाची नजर लागल्यानेही होत नाही. अशा मुलाच्या मेंदूची वाढच निराळ्या तऱ्हेने झालेली असते. यात सुनेचा दोष नाही आणि मुलाचाही नाही. भगताकडे जाणारे जातील, पण त्यापायी तपासणीची तारीख चुकवू नये.

दाखवायचे केव्हा? वर्षाचे मूल हाकेला वळते, बोबडे बोलते, हवी ती वस्तू हाताने किंवा बोटाने दाखवू लागते. १६ महिन्यांपर्यंत एकेक शब्द येतो, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलते. हे झाले नाही तर दाखवून घ्यावे. येत असलेले शब्द नाहीसे झाले, तर एक दिवसही थांबू नये. यातले एखादे लक्षण दिसले म्हणजे स्वमग्नताच, असे मात्र नव्हे. पुष्कळदा ऐकण्यात दोष निघतो, म्हणून कानांची तपासणीही करून घ्यावी.

दाखवायचे कोठे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या राज्यातल्या पालघर येथून सुरू झाला. त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासते. आपली अडचण अशी की भात-नागली घरात आली की कितीतरी कुटुंबे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात. पथक अंगणवाडीत येते, तेव्हा लेकरू बागेत असते. तेव्हा पथकाची वाट पाहत बसू नका. अंगणवाडीताईंना किंवा आशाताईंना सांगा, ग्रामीण रुग्णालयात दाखवा आणि नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातील शीघ्र हस्तक्षेप केंद्रासाठी चिठ्ठी घ्या. द्राक्षाच्या कामाला गेलेले असाल, तर तेथून नाशिक जवळच पडते. तारीख त्या दिवसांतली मागून घ्या.

आता तयारीचे. माती परीक्षणाचा नमुना कसा घेतो, ते आठवा. बांधालगतची, झाडाखालची, खताच्या ढिगाजवळची माती आपण घेत नाही. शेतात पाच-सात ठिकाणी वीतभर खड्डे करून, सारी माती मिसळून, त्यातली अर्धा किलो पाठवतो. नमुना चुकला तर प्रयोगशाळा कितीही चांगली असो, सल्ला चुकतो. लेकराचेही तसेच आहे. स्वमग्नता रक्त तपासून किंवा एक्स-रे काढून कळत नाही. मुलाकडे पाहून आणि घरच्यांना विचारून ती ठरवावी लागते. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या एका मोजपट्टीत अशा ४० बाबी आहेत. नाशिकला डॉक्टरांना दिसतो तो घाटातून उतरलेला, अनोळखी खोलीतला, दमलेला तास. लेकराचे बाकीचे दिवस तुम्हीच बरोबर न्यायचे आहेत.

त्यासाठी एक वही करा. लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलीकडून लिहून घ्या. बाळंतपण कोठे झाले, मूल लगेच रडले का, वजन किती होते, केव्हा बसले, केव्हा चालले, पहिला शब्द कोणता, झटके आले होते का. त्यानंतर एका आठवड्याचे रोजचे वागणे लिहा : काय खाते, काय थुंकते, झोप किती, कशाने घाबरते, कशाने खुलते. डोंगऱ्यादेवाला पावरी वाजू लागली की कान झाकते का, तेही लिहा. वाईटाबरोबर चांगलेही लिहा. घरी कोकणी बोलता की मराठी, हे पहिल्या पानावर असू द्या. नाहीतर परक्या भाषेतला प्रश्न न कळल्याने मूल गप्प बसायचे आणि वेगळाच समज व्हायचा.

फोनवर दोन-दोन मिनिटांची चित्रे घ्या : हाक मारताना, जेवताना, इतर पोरांत असताना, रागावले असताना. मुद्दाम काही करून घेऊ नका. ‘डॉक्टरपुढे असे बोल’ म्हणून पढवू नका, काही लपवू नका आणि वाढवूनही सांगू नका.

निघताना माता-बाल कार्ड, आधीचे कागद, सवयीची भाकरी आणि हातातले आवडते खेळणे घ्या. काड्याच आवडत असतील तर काड्या घ्या. दिवसभर लेकराजवळ आजी राहत असेल, तर आजीला न्या. बापानेही जावे. निकाल एकट्या आईने ऐकून घरी येऊन सांगावा, हे बरे नव्हे.

तेथे आपल्या भाषेत मोकळे बोला. कळले नाही तर मान डोलावू नका, पुन्हा विचारा. उठण्याआधी चार गोष्टी विचारून घ्या : काय आढळले, पुढची तारीख कोणती, घरी रोज काय करायचे, आणि याचा कागद मिळेल का. पहिल्याच दिवशी निकाल लागेल असे नाही. पुन्हा यावे लागले म्हणजे कोणी टोलवले, असे समजू नका.

स्वमग्नता निघाली तर ती बरी करणारे औषध नाही. पण लहान वयात शिकवायला लागले तर पुष्कळ साधते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची नोंद आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळाल्यावर सवलतींसाठी अर्ज करता येतो. निरामय योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमाही आहे. कागद मिळेपर्यंत मात्र हात बांधून बसू नका. लेकराच्या पुढ्यात बसा, ते मांडते तशा काड्या तुम्हीही मांडा, प्रत्येक वस्तूचे नाव घ्या. ते कधीतरी तुमच्या हातातली काडी मागेल.

वापशाची वेळ हुकली तर पेरणीचे काय होते, हे तुम्हाला शिकवायला नको. लेकराच्या पहिल्या पाच-सहा वर्षांना तोच हिशोब लावा. मनात शंका असेल, तर याच आठवड्यात अंगणवाडीत जाऊन बोला.