गादी आणि दप्तर

संघाचा मॅनेजर पायउतार होणार अशी वार्ता फुटली, की इंग्लंडातील कोणत्याही फुटबॉलवेड्या शहरात त्या दिवसापुरते अन्य सर्व व्यवहार दुय्यम ठरतात. न्हाव्यापुढे मान वाकवून बसलेला गृहस्थ आरशातल्या आरशात त्याच्याशी हुज्जत घालतो, बसच्या रांगेतील अनोळखी माणसे एकमेकांच्या उमेदवारांची उणीदुणी काढतात, आणि ज्याला स्वतःच्या घरच्या जमाखर्चाचा मेळ कधी बसविता आला नाही तो कोट्यवधी पौंडांच्या संस्थेचा कारभार कोणाच्या हाती द्यावा याचा फैसला बिअरच्या एका पेल्यावर देऊन मोकळा होतो. या वादाला कसलीही मुखत्यारी नाही. संचालक मंडळ बंद दाराआड मसलत करते, नेमणूक करते, आणि मग जाहीर करते. बार्सिलोनासारख्या ज्या संस्थांत सभासदांना मताचा अधिकार आहे तेथेही ते अध्यक्ष निवडतात, मॅनेजर नव्हे. तरीही वाद अव्याहत चालतो, कारण संघ आपला आहे हे सिद्ध करण्याचे दुसरे साधन सामान्य समर्थकाजवळ फारसे उरलेले नसते.

फुटबॉल शिकविणे आणि त्या खेळाचा इतिहास चाळणे या दोन उद्योगांत माझी चाळीस वर्षे गेली असल्यामुळे हा वाद मी पुष्कळ ऐकला आणि त्याहून अधिक वाचला आहे. परंतु त्याचे मर्म मला प्रथम जाणवले ते कोल्हापुरात, एका चहाच्या गाड्यापाशी, माझ्याच वारसाची निवड माझ्याच पाठीमागे चालली असताना. आमच्या गावात फुटबॉल तालमींच्या अंगणात वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार ही नावे लाल मातीशी जितकी निगडित तितकीच शाहू स्टेडियमच्या हिरवळीशीही, आणि संघाच्या वस्तादाविषयी ज्याला मत नाही असा मनुष्य पेठेत सापडणे दुरापास्त. मी ज्या लहानशा संघाला शिकवीत होतो तो सोडण्याचे ठरविले होते, आणि त्या संध्याकाळी पाठमोरा बसून चहा घेत होतो. मागच्या बाकावर चौघे होते. एकाला गोव्याहून कोणी नामांकित प्रशिक्षक आणावयाचा होता, दुसऱ्याचे म्हणणे, "भाईरचा आणशीला तर त्यो पेठेचं पाणी काय वळखणार?", तिसऱ्याला संघाचा जुना सेंटर-फॉरवर्ड त्या जागी हवा होता, कारण त्याने कधी काळी एका अंतिम सामन्यात दोन गोल मारले होते, आणि चौथा एवढेच म्हणत होता, की सर होते तसाच कोणीतरी बघा. इतक्यात एकाची दृष्टी माझ्याकडे गेली, आणि तिळमात्र न ओशाळता त्याने विचारले, "सर, तुम्हीच सांगा की, कोण बरा?"

त्या चौघांच्या मुखाने यच्चयावत फुटबॉल-समर्थकांचे चारही पक्ष बोलून गेले होते: कीर्तीचा पक्ष, घरच्या माणसाचा पक्ष, जुन्या पराक्रमाचा पक्ष, आणि गेलेल्याची प्रतिकृती शोधणाऱ्यांचा पक्ष. चौथ्याच्या बोलण्याने मी मनातून सुखावलो, हेही कबूल केले पाहिजे. पाचवा पक्ष मात्र कोणाला सुचला नाही, आणि मलाही नाही. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या एका खोलीत संघाचा एक वृद्ध सेवक बसत असे. चेंडूंत हवा भरणे, जाळी सांधणे आणि बुटांना तेल लावणे हे त्याचे नेमून दिलेले काम. परंतु कोणाचा घोटा ओल्या मैदानावर दगा देतो, कोणत्या पोराला चारचौघांत रागे भरले की तो आठ दिवस फिरकत नाही, कोणाच्या घरी परीक्षेच्या दिवसांत खेळावरून भांडण होते, या साऱ्याचे दप्तर त्याच्या मस्तकात होते, आणि ज्या युक्त्या मी स्वतःच्या म्हणून मिरविल्या त्यांतील निम्म्या त्याने बूट पुसता पुसता सुचविलेल्या होत्या. माझ्यानंतर आलेले वस्ताद माझ्याहून अधिक जाणते होते. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्याला निरोप दिला, आणि संघ पुढे दोन हंगाम सावरला नाही.

तेव्हापासून एक खूणगाठ मी बांधली आहे. गादीवर कोण बसणार याची चर्चा सर्वत्र होते. दप्तर कोणाजवळ राहणार हे कोणी विचारीत नाही, आणि बहुधा निकाल तेथेच लागतो.

इंग्रजी परंपरेतील मॅनेजर हा केवळ शिक्षक नव्हे. पूर्वी तेथील अनेक संघांत खेळाडूंची निवड संचालकांची समिती करीत असे. १९२५ साली हर्बर्ट चॅपमन हडर्सफील्डहून आर्सेनलमध्ये आला आणि संघाची निवड, डावपेच, खेळाडूंची खरेदी-विक्री हे सारे अधिकार एका हाती एकवटल्याचे जे प्रभावी उदाहरण त्याने घालून दिले त्यामुळे ही जागा वस्ताद, कारभारी आणि फडणीस यांचे एकत्रित पद होऊन बसली. असा मनुष्य दीर्घकाळ टिकला आणि यशस्वी झाला, की संघ आणि तो यांतील सीमारेषाच पुसट होते; आणि म्हणूनच तो गेल्यावर उमेदवारांविषयी म्हणून जो वाद चालतो, त्यातील पुष्कळसा गेलेल्या माणसाविषयीचाच असतो.

याचे अभिजात उदाहरण लिव्हरपूलचे. १९५९च्या डिसेंबरात बिल शँक्ली हा स्कॉटिश गृहस्थ तेथे आला तेव्हा तो संघ दुसऱ्या श्रेणीत रुतून पडलेला होता. त्याने तो वर आणला, तीनदा लीगचे विजेतेपद आणि दोनदा एफ. ए. कप मिळवून दिला, आणि शहराच्या भाषेत, विनोदात व आत्माभिमानात स्वतःचा असा अंश मिसळून ठेवला की १२ जुलै १९७४ रोजी तो निवृत्त होत असल्याचे जाहीर झाले तेव्हा लोकांचा त्यावर विश्वासच बसेना. दूरचित्रवाणीचा वार्ताहर रस्त्यात भेटलेल्या मुलांना ही वार्ता सांगतो आणि मुले हा आपली थट्टा करीत आहे अशा नजरेने त्याच्याकडे पाहतात, ते चित्रण आजही पाहावयास मिळते. त्यातील एका पोराच्या चेहऱ्यावरच्या अविश्वासाचे रूपांतर हळूहळू पोरकेपणात होताना दिसते. नावे अनेक उठली. परंतु मंडळाने निवडला तो बॉब पेझली, पस्तीस वर्षे त्याच संस्थेत वावरलेला, डरॅम परगण्यातील खाणवस्तीत वाढलेला, तरुणपणी गवंडीकाम शिकलेला, आणि सभेत बोलण्याची वेळ आली की वाक्य अर्ध्यावर सोडून देणारा. कीर्तीच्या पक्षाला तो फिका वाटला, आणि प्रतिकृतीच्या पक्षाला तर शँक्लीच्या वाणीपुढे तो मुकाच भासला.

पण लिव्हरपूलच्या ॲनफील्ड मैदानाच्या मुख्य प्रेक्षागाराखाली बूट टांगण्याची एक कोंदट खोली होती. बूट रूम या नावाने पुढे ती विख्यात झाली. खुंट्यांवर बूट, खाली बिअरची खोकी, बसावयास उलट्या पेट्या, असा तेथला थाट. आणि त्या पेट्यांवर पेझली, जो फेगन, रूबेन बेनेट, रॉनी मोरन ही मंडळी बसत, सामना संपला की प्रतिपक्षाच्या प्रशिक्षकालाही बोलावून पेला हाती देत आणि त्याच्या सैल झालेल्या जिभेवरून उपयोगी मजकूर टिपून घेत. रोजच्या सरावाच्या नोंदी वह्यांतून होत. कोणत्या हवेत कोणता सराव केला, कोणाला केव्हा दुखापत झाली, हे पुढच्या वर्षी त्याच महिन्यात उघडून पाहता येत असे. अक्षरशः दप्तर. पेझलीने पत्रद्वारा अभ्यासक्रम करून अंगमर्दन व दुखापतींची चिकित्सा शिकून घेतली होती, आणि खेळाडूची चाल पाहून त्याचा कोणता सांधा कुरकुरतो हे तो सांगे अशी त्याची ख्याती होती. त्याच्याविषयी हे वाचले तेव्हा मला आमच्या पत्र्याच्या खोलीची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. आणि ज्या शँक्लीच्या नावाने लोक अश्रू ढाळीत होते, त्याचे पहिले शहाणपण हेच होते, की १९५९ साली येताच त्याने पेझली, फेगन, बेनेट या जुन्या मंडळींना बरखास्त न करता जागच्या जागी ठेवले. पेझलीच्या पहिल्या हंगामात हाती काही लागले नाही. परंतु एकूण नऊ हंगामांच्या कारकीर्दीत सहा लीग-विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप आले, आणि त्याच्या मागून त्याच खोलीतून उठलेल्या फेगनने १९८४ साली एकाच हंगामात लीग, लीग कप आणि युरोपियन कप जिंकले.

पेझली आला त्याच १९७४च्या उन्हाळ्यात लीड्समध्ये नेमके उलट घडले. तेथील मॅनेजर डॉन रेव्ही इंग्लंडच्या संघाकडे गेला आणि त्याच्या जागी ब्रायन क्लफ आला. बुद्धीने तो रेव्हीच्या तोडीस तोड. पण लीड्सच्या खेळावर वर्षानुवर्षे जाहीर तोंडसुख घेतलेला हा मनुष्य त्याच खेळाडूंपुढे जाऊन उभा राहिला, आणि हार्टलपूल व डर्बी येथे ज्याच्यावाचून त्याचे पान हलले नव्हते तो सहकारी पीटर टेलर ब्रायटनलाच राहिला. स्वतःचे दप्तर मागे ठेवून आला, आणि तेथील दप्तर त्याच्याशी बोलेना. चव्वेचाळीस दिवसांत त्याची गच्छंती झाली. तोच क्लफ पुढे टेलरच्या जोडीने नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये १९७९ व १९८० असे लागोपाठ दोन युरोपियन कप जिंकतो, यावरून उमेदवाराच्या गुणावगुणांची चिकित्सा किती अपुरी असते ते ध्यानात यावे.

येथे चतुर वाचक मला आर्सेन वेंगरचे नाव ऐकवील. १९९६ साली जपानच्या नागोया संघाकडून आर्सेनलमध्ये आलेला हा फ्रेंच गृहस्थ लंडनमध्ये इतका अपरिचित होता की एका सायंदैनिकाने हा आर्सेन कोण अशा आशयाचा मथळा छापला. तो ना घरचा, ना कीर्तिमंत, ना कोणाची प्रतिकृती. त्याने दोन वर्षांच्या आत लीग आणि कप एकाच हंगामात जिंकले, आणि २००३-०४ मध्ये लीगचे अडतीस सामने न हरता पार पाडले. आहार, सराव, सारे त्याने बदलले. तथापि सीमन, ॲडम्स, डिक्सन, विंटरबर्न, बोल्ड, कीओन ही जॉर्ज ग्रॅहम या पूर्वीच्या मॅनेजरच्या काळापासूनची बचावफळी त्याने मोडली नाही, आणि पॅट राइस या आर्सेनलच्याच जुन्या खेळाडूला साहाय्यक म्हणून शेजारी बसविले, ते तब्बल २०१२ पर्यंत. नवखा होता म्हणूनच कदाचित दप्तराची किंमत त्याला ठाऊक होती. त्याच वेंगरच्या मुदतवाढीवरून २०१७च्या मार्चमध्ये वेस्ट ब्रॉमविच येथील सामन्यात मैदानावरून दोन विमाने फिरली, एक त्याला घालविण्याची घोषणा शेपटीला बांधून आणि दुसरे त्याच्यावरील विश्वासाची. समर्थकांचा वाद वर्गणी काढून आकाशापर्यंत पोहोचला होता, आणि खाली संघ एकाला तीन अशा गोलांनी हरत होता.

मँचेस्टर युनायटेडची कथा अधिक शिकविणारी. ॲलेक्स फर्ग्युसन १९८६ साली आला, आणि १९८९च्या डिसेंबरात त्याला निरोप देणारा फलक घरच्याच प्रेक्षकांनी फडकविला. त्या वेळी मतदान घेतले असते तर पुढची तेरा लीग-विजेतेपदे त्या संस्थेने स्वहस्ते फेकून दिली असती. २०१३ साली तो स्वेच्छेने निवृत्त झाला, डेव्हिड मॉइसला वारस म्हणून त्याने पुढे केले, आणि नव्या माणसाच्या पाठीशी उभे राहा असे भरल्या मैदानात प्रेक्षकांना विनविले. आशीर्वाद यथासांग झाला. परंतु मुख्य कार्यकारी अधिकारी डेव्हिड गिल त्याच वेळी पायउतार झाला, आणि मॉइसने आपली माणसे आणली तेव्हा फेलन, म्यूलेनस्टीन, स्टील हे जुने प्रशिक्षक गेले. दहा महिन्यांत मॉइसही गेला. विजेतेपदाची वस्त्रे एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर चढविता येतात. नोंदवह्या वाचणारे डोळे तसे चढविता येत नाहीत.

हा सिद्धान्त मी गणिताच्या काटेकोरपणाने मांडीत नाही. बूट रूम १९९० नंतरच्या काही वर्षांत पाडली गेली आणि लिव्हरपूलला १९९० नंतर तीस वर्षे लीग जिंकता आली नाही, या दोन गोष्टींचा कार्यकारणभाव सिद्ध करण्यास मजजवळ पुरावा नाही. पेठेतल्या माणसाच्या हक्काने मी तो मनातल्या मनात जोडून ठेवला आहे इतकेच. तीस वर्षांचा तो उपास २०२० मध्ये यर्गेन क्लॉपने सोडविला, आणि २०२४च्या जानेवारीत त्याने जाण्याचे जाहीर करताच चारही पक्ष पुन्हा उठून बसले. घरच्या पक्षाने शाबी अलोन्सोचे नाव घेतले, कारण तो लिव्हरपूलचा जुना खेळाडू आणि लेव्हरकुझेनमध्ये अजिंक्य ठरत होता. त्याने मार्चअखेर नकार कळविला. शेवटी फेयेनूर्डहून आर्ने स्लॉट आला. क्लॉपचे निकटचे साहाय्यक गेले हे खरे. पण त्याच्या भरभराटीच्या वर्षांत खेळाडूंची पारख करणारा मायकेल एडवर्ड्स परतला होता, खेळाडूंचा मेळा तोच राहिला, आणि स्लॉटने त्या उन्हाळ्यात तो मोडून नवा उभारण्याचा अट्टाहास केला नाही. पुढच्याच एप्रिलमध्ये लीग त्याच्या हाती होती.

त्याआधीचा एक क्षण मात्र मला अधिक मोलाचा वाटतो. १९ मे २०२४ रोजी, शेवटचा सामना आटोपल्यावर, क्लॉप ध्वनिक्षेपक घेऊन मैदानाच्या मध्ये उभा राहिला. डोळ्यांत पाणी आणून आपल्या नावाचा घोष करणाऱ्या त्या हजारोंपुढे त्याने एका परिचित चालीवर स्वतः गाऊन दाखविले ते स्लॉटचे नाव, आणि लोकांकडून ते म्हणवून घेतले. जो मनुष्य अद्याप आलेला नव्हता, ज्याला बहुतेकांनी आपल्या यादीत घातलेले नव्हते, त्याचे नाव त्या क्षणी त्यांच्या ओठांवर बसले. शँक्लीला पन्नास वर्षांपूर्वी हे जमले नव्हते. निवृत्तीनंतरही तो सरावाच्या मैदानावर येत राहिला, खेळाडू त्यालाच साहेब म्हणत राहिले, आणि बिचारा पेझली अवघडून गेला. त्यातून दोन्हीकडे जो सल उरला तो पुष्कळांनी लिहून ठेवला आहे. जाणाऱ्याने जावे कसे, हाही दप्तरातलाच एक कागद आहे.

त्या चहाच्या गाड्यापाशी मला विचारलेल्या प्रश्नाला मी काहीतरी उत्तर दिले होते. एक नाव सांगितले, आणि चौघांनी ते तत्काळ नापसंत केले. ते नाव कोणते हे आज स्मरत नाही. म्हाताऱ्याच्या खोलीची किल्ली दाराच्या डाव्या अंगाला कोणत्या खिळ्यावर टांगलेली असे, ते मात्र अंधारातही सांगता येईल.