उंबऱ्याचं माप

बेळगावहून गोव्याकडे निघालेला रस्ता लोंढा मागे टाकून अनमोड घाटाला लागतो, त्याच्या आधी रामनगर येतं. पावसाळ्यात इथे भर दुपारी दिवेलागणीचा उजेड असतो. पागोळ्या थांबत नाहीत, आणि झाडांमागे डोंगर आहे की ढग उतरलाय ते कळत नाही. पाट्या कन्नड, बोलणं कोकणी-मराठी. सीमेवरच्या गावाची ही रीतच. पण भोवतालच्या रानातल्या वाड्यांना जे वय आहे, ते रामनगरला नाही. काळी नदीवर गणेशगुडीला धरण बांधलं गेलं, काळी आणि पांढरी यांच्या संगमावरचं सुपा हे तालुक्याचं गाव आणि आसपासची खेडी पाण्याखाली गेली. तालुक्याची कचेरी जोयड्याला हलली आणि उठलेल्या माणसांपैकी अनेकांना रामनगरला जागा मिळाली. एखादा अभियंता गेल्यावर त्याच्याविषयी ‘कुटुंबवत्सल’ असं लिहिलं जातं, तेव्हा हे गाव डोळ्यांपुढे आणावं असं मला फार वाटतं.

श्रद्धांजलीच्या लेखात ‘अभियंता’ आणि ‘कुटुंबवत्सल’ हे शब्द शेजारी शेजारी येतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख नसते. पूल, बोगदे, धरणं एका परिच्छेदात. मुलांचे अभ्यास, आईवडिलांची सेवा दुसऱ्या परिच्छेदात. जणू सकाळी घराबाहेर पडताना माणूस आपली माया खुंटीला टांगून जातो. मला ही वाटणी मान्य नाही. म्हाताऱ्या आईची खाट कुठल्या खिडकीशी हवी, लेकरू पाणी आणायला किती लांब जाऊ शकतं, देव्हारा हलवला तर घर किती दिवस अस्वस्थ राहतं, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यापाशी एक ज्ञान आहे, आणि ते कुठल्याही अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. ते ज्ञान त्याने कामावर नेलं का, यावरून त्याची आठवण ठरायला हवी.

ते नेता येतं याचा दाखला याच मुलखातला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरला जन्मले. रंग नीट ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकला सुटली, यंत्रांची रेखाटनं मात्र हाताशी राहिली. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली इन्स्टिट्यूटमध्ये शिकवलं, मग बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान, पुढे कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासेल या भीतीने शेतकरी त्या नांगराला हात लावेनात. तो खपू लागला, तोच कारखान्याची जागा सोडायची वेळ आली. म्हणजे हा माणूस स्वतःच विस्थापित झाला होता. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला आणि १९१० साली तिथे किर्लोस्करवाडी सुरू झाली. त्या माळावर लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाईंनी संसार मांडला, कामगारांचीही बिऱ्हाडं आली. मालकाची चूल आणि कामगाराची चूल एकाच उजाड जमिनीवर पेटली, हे मला या कथेत सर्वांत मोलाचं वाटतं. पाणी कुठून आणायचं, मुलांनी शिकायचं कुठे, हे प्रश्न त्यांना कागदावर भेटले नाहीत, घरात भेटले. म्हणून भट्टीबरोबर वस्तीही उभी राहिली.

यावर आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. किर्लोस्करवाडी म्हणजे एका मालकाने वसवलेलं छोटं गाव. तिथे माणसं आपण होऊन आली, आणि मालकाच्या मायेवर वस्ती अवलंबून असणं हेही काही आदर्श नव्हे. सुप्याची गोष्ट निराळी. १०१ मीटर उंचीची भिंत सरकारच्या निर्णयाने उभी राहते. अभियंता फक्त ती कोसळणार नाही एवढं पाहतो. शिवाय लाभ खरा आहे. चार महिन्यांचा पाऊस सुप्यात अडवून वर्षभर सोडतात. तेच पाणी पायथ्याशी वीज देतं, नागझरीला देतं, पुढे कोडसळ्ळी आणि कद्र्यालाही. त्या विजेवर किती घरांत मुलांनी अभ्यास केला असेल! आणि धरणावरचे अभियंतेही घरदार सोडून त्या पावसात वर्षानुवर्षं राबले. त्यांचे कष्ट मी कमी लेखत नाही.

पण निर्णय सरकारचा होता एवढ्याने मोजमापाचा प्रश्न सुटत नाही, कारण काय मोजायचं हे कायद्यात लिहिलेलं असतं. धरणाच्या काळात देशाचा भूसंपादन कायदा १८९४ चा होता. त्याला जमीन दिसे, तिच्यावरचा हक्क दिसे, मोबदल्याची रक्कम दिसे. दुसऱ्याच्या शेतावर राबणारा, रानातला मध आणि शिकेकाई गोळा करून जगणारा माणूस त्याच्या तक्त्यात बसत नव्हता, आणि जोयड्यासारख्या जंगलाच्या तालुक्यात अशीच माणसं पुष्कळ. २०१३ च्या कायद्यात ‘बाधित कुटुंब’ हा शब्द व्याख्येसह आला. कूळ, शेतमजूर, वनावर जगणारे त्यात मोजले गेले. केंद्राच्या कायद्याला जमिनीवरून कुटुंबापर्यंत यायला ११९ वर्षं लागली. उंबऱ्याच्या आत काय असतं हे मात्र प्रत्येक घरात, मोजणीदाराच्या आणि अभियंत्याच्याही घरात, त्या सगळ्या काळात रोज माहीत होतं. ते ज्ञान कचेरीत बोलून दाखवायची सवय नव्हती, एवढंच. बोलून दाखवलं असतं तर धरण झालंच नसतं असं नाही. पाणी चढण्याआधी कुठल्या वाडीने कुठल्या वाडीशेजारी राहायचं, देव कुठे बसवायचा, गुरं कुठे चरायची, हे त्या माणसांना विचारता आलं असतं. आणि असं विचारायला जास्तीचं सिमेंट लागत नाही.

म्हणून घरातला असा कर्ता माणूस गेला आणि त्याच्यावर चार शब्द लिहायची वेळ आली, तर त्याने काय बांधलं ते जरूर लिहा, त्याने घरी किती जीव लावला तेही लिहा. सोबत त्याच्या बांधकामासाठी कोण कुठून उठलं आणि आज कुठे राहतं, हे शोधून त्या गावांची नावंही लिहा. सुपा हे नाव आता धरणाला आहे. त्या गावची माणसं रामनगरला राहतात.