तात्या, बंड्या आणि माझी लुडबूड

तात्या आमच्याकडे आला तो एका सहकाऱ्याची हैदराबादला बदली झाली म्हणून. तपकिरी-पांढरा, किलोभर वजनाचा नर गिनीपिग, पिंजऱ्यासकट. थोड्याच दिवसांत कुठेतरी वाचलं की स्वित्झर्लंडमध्ये २००८ पासून हा प्राणी एकटा पाळणं कायद्याने मना आहे. झालं! तेवढ्या एका ओळीवर मी नागपूरभर जोडीदार शोधत सुटले आणि पुढचं काही न वाचता बंड्याला घेऊन आले. बंड्या जेमतेम दीड-दोन महिन्यांचा, काळाकुट्ट, तोही नरच. मादी आणली नाही हा त्या काळातला माझा एकमेव शहाणा निर्णय. गिनीपिगची मादी साधारण दोन महिन्यांत विते आणि व्यायल्यावर काही तासांतच पुन्हा गाभण राहू शकते.

बंड्याला मी आल्या संध्याकाळीच तात्याच्या पिंजऱ्यात सोडलं. भाडेकरूला न विचारता त्याच्या खोलीत दुसरा भाडेकरू घालावा, तसं. तात्याच्या दृष्टीने तो पिंजरा, त्यातलं लाकडी घर, गवताचा कोपरा, सगळं त्याच्या वासाचं आणि त्याच्या मालकीचं होतं. नव्या प्राण्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवायचं असतं, तेही मला माहीत नव्हतं. बंड्याच्या कानामागचा छोटा टक्कल पडलेला गोल म्हणजे बुरशी निघाली. ती तात्याला झाली, मग माझ्या मनगटालाही. डॉक्टरांनी तिघांना औषध लावायला सांगितलं आणि माझ्याकडे फक्त पाहिलं.

पण खरा गोंधळ मी घातला तो त्यांच्या ‘भांडणा’त. तात्या कंबर डुलवत, घशातून घरघर काढत बंड्याभोवती फिरायचा, त्याच्या मागे लागायचा, त्याच्यावर चढायचा. बंड्या किंचाळत पळायचा. माझा जीव वर-खाली व्हायचा. मी हात घालून त्यांना वेगळं करायचे, बंड्याला टोपलीत घेऊन थोपटायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकत्र सोडायचे. पुन्हा तेच, पहिल्यापासून. सासूबाई दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, ‘‘काहून मधात पडतं वं? त्याईचं त्याईले पाहू दे.’’ मला तो निष्ठुरपणा वाटायचा.

त्यांचं बरोबर होतं. कळपात राहणाऱ्या या प्राण्यांत थोरला कोण हे आधी ठरावं लागतं. घरघर, पाठलाग, चढणं ही ते ठरवण्याची रीत. धाकटा किंचाळतो तेव्हा बहुतेक वेळा ‘मानलं तुला, सोड’ एवढंच म्हणत असतो. मी प्रत्येक वेळी निकाल लागायच्या आत सामना थांबवत होते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी तात्याला सगळं नव्याने सांगावं लागायचं. खऱ्या मारामारीची लक्षणं निराळी: दातांचा सतत कटकट आवाज, मानेवरचे केस ताठ, जांभईसारखा जबडा उघडून दाखवलेले दात, मग समोरासमोर झेप आणि दोघांचा मिळून एक गोळा. रक्त आलं तर वेगळं करायचंच, पण हात घालून नव्हे. जाड टॉवेल टाकायचा. माझ्या अंगठ्यावर तात्याच्या दातांची खूण आहे ती टॉवेलची कल्पना नसतानाची.

दुसरी गोष्ट कबूल करताना अजून लाज वाटते. मुलांना शिकवावं तसं मी त्यांना ‘वाटून खा’ शिकवायला गेले. एक वाटी, पाण्याची एक बाटली, एक घर, आणि त्या घराला एकच दार. तात्या दारात बसला की बंड्या आत कोंडला जायचा. वाटीवर तर तात्याचाच ताबा. बंड्या शांत झाला तेव्हा मला वाटलं, रुळला. एक दिवस सहज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला तर वाढत्या वयातलं पिल्लू आधीपेक्षा हलकं भरलं. गिनीपिग एक दिवस जरी नीट खाईनासा झाला तरी जिवावर बेतू शकतं, आणि इथे मी उपासमारीला शांतता समजत होते. त्या दिवसापासून वजनाची वही सुरू केली, ती आजही दर रविवारी भरते. त्यांचे आवाज मला अजूनही नीट कळत नाहीत, काटा कळतो.

मध्ये कुणीतरी सांगितलं की दोघांना एकत्र आंघोळ घाला, दोस्ती होते. घातली. ते बादलीत एकमेकांना बिलगून थरथरत राहिले आणि मी कौतुकाने फोटो काढले. भीतीने गोठलेल्या दोन जिवांचे ते फोटो नंतर मी पुसून टाकले.

शेवटी सगळं मोडून पहिल्यापासून केलं. बाजारातला सशाचा पिंजरा देऊन टाकला. दोन नरांना दहा चौरस फुटांहून अधिक मोकळी जमीन लागते, म्हणून जाळीचे चौकोन जोडून हॉलच्या एका भिंतीशी ऐसपैस कुंपण घातलं. जुन्या वस्तू व्हिनेगरच्या पाण्याने धुतल्या. दोन वाट्या, दोन बाटल्या, दोन घरं, सगळी एकमेकांपासून लांब. घरांना दोन-दोन दारं. आधी कुणाचीच नसलेली जागा म्हणून दिवाणखान्यात जुनी चादर अंथरली, मध्ये वाळल्या गवताचा ढीग, वर सांभार, म्हणजे कोथिंबीर, आणि ढोबळी मिरचीचे तुकडे. (आपल्यासारखंच त्यांनाही क जीवनसत्त्व शरीरात तयार करता येत नाही, त्यामुळे हे नुसते लाड नव्हेत.) आणि मी हात आवरून बसले. घरघर झाली, पाठलाग झाला, बंड्या किंचाळला. मग दोघं ढिगाच्या दोन बाजूंनी खाऊ लागले. रात्री दोघांनाही एकदमच नव्या कुंपणात सोडलं.

बंड्या चार-पाच महिन्यांचा झाल्यावर अंगात वारं शिरल्यासारखा तात्याला आव्हान देऊ लागला. वयात येणाऱ्या नरांचं हे असंच असतं आणि ते वर्षभराचे होईपर्यंत अधूनमधून चालतं. तेव्हा मात्र मी टॉवेल जवळ ठेवला आणि गप्प राहिले. तात्याने गादी राखली.

इथे थांबायला हवं होतं. पण दोघांचं जमलं याचा मला माज चढला. ओळखीतल्या एका घरी नको झालेला पिंट्या ‘दोन तिथे तीन’ म्हणत घेऊन आले. या वेळी विलगीकरण केलं, चादर अंथरली, गवत रचलं, सगळं पुस्तकाबरहुकूम. तीन नर म्हणजे तिसऱ्यामुळे दोघांच्या समझोत्याची वाट, हे पुस्तकात होतंच. मी ते पान उलटलं होतं. पिंट्याने बंड्याचा ओठ फाडला. त्याहून वाईट म्हणजे त्या धुमाळीत तात्या-बंड्याचंही बिनसलं आणि त्यांची चादर पुन्हा अंथरावी लागली.

पिंट्या आता जाळीपलीकडे राहतो. त्या दोघांना पाहतो, हुंगतो, त्यांच्याशी बोलतो, पण एकटाच आहे. डॉक्टर म्हणतात, नसबंदी करून त्याला मादी द्या. ऑपरेशननंतर सहा आठवडे मात्र तिच्यापासून दूर ठेवावं लागेल, कारण तोवर पिल्लं होऊ शकतात. एवढ्याशा प्राण्याला भूल देण्याची सवय असलेला डॉक्टर नागपुरात शोधणं चालू आहे. पारा पंचेचाळिसाला टेकलेला असताना मी त्याला कुठेही नेणार नाही. सत्तावीस अंशांपुढे हे जीव धापा टाकू लागतात, तिघांचाही मुक्काम सध्या कूलरच्या खोलीत आहे. मृगाच्या सरी झाल्या की तारीख घेऊ.