कराबीन

गेले सहा महिने माझ्या टेबलाच्या खणात एक कोरा अर्ज पडून होता. शस्त्राचा परवाना मिळावा म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे करावयाचा तो अर्ज. कल्याणच्या एका दुकानातून मी तो छापून घेतला, तेव्हा दुकानातल्या मुलाने एकदा अर्जाकडे व एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिले आणि सुटे पैसे परत देताना नेहमीपेक्षा किंचित अधिक अदब दाखवली. शस्त्राचा प्रभाव शस्त्र हाती येण्यापूर्वीच सुरू होतो तो असा!

मजसारख्या, चौतीस वर्षे बँकेत दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब जुळवीत बसलेल्या माणसाला बंदुकीचा लोभ कसा जडला, हे सांगितले पाहिजे. दोष माझ्या पुतण्याचा आहे. तो टेक्सासमध्ये असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो असता एका रविवारी तो मला म्हणाला, "काका, चला, तुम्हांला एक गंमत दाखवतो." गंमत म्हणजे नेमबाजीची एक बंदिस्त जागा होती, आणि त्याच्या पेटीतून निघाली ती एक आखूड, काळी, दिसायला अगदी सामान्य अशी बंदूक. तिला तिकडे कार्बाइन म्हणतात. तिचे वैशिष्ट्य एवढेच, की ती पिस्तुलाचे काडतूस खाते. पिस्तूल हातात थरथरते. हिचा दस्ता खांद्याशी टेकतो, गाल दस्त्याला लागतो, दोन्ही हात आपापल्या जागी बसतात आणि धक्का इतका सौम्य बसतो, की एखाद्या मित्राने खांद्यावर थाप मारावी. ही युक्तीही नवी नव्हे. अमेरिकेत १८७३ सालच्या विंचेस्टर बंदुकीचे काडतूस पुढे कोल्टच्या रिव्हॉल्व्हरातही चालू लागले, तेव्हा घोडेस्वाराला कमरेच्या आणि खोगिराच्या शस्त्रासाठी एकच पट्टा पुरू लागला. आपल्याकडे तर जुन्या मराठीत 'कराबीन' हा शब्दच आहे. तो मला कार्बाइनपेक्षा गोड वाटतो, म्हणून येथे तोच वापरतो.

पंचवीस यार्डांवर एक कागद टांगलेला होता. मी माशी मधल्या काळ्या ठिपक्याखाली आणली, पुतण्याने सांगितल्याप्रमाणे श्वास अर्धा सोडला आणि थांबलो. त्या थांबण्याविषयी काय सांगू! निवृत्तीनंतर ज्या मनःशांतीसाठी लोक ध्यानवर्गांना पैसे भरतात, ती मला त्या दीड सेकंदात फुकट मिळाली. बोटाखालचा चाप कधी सुटला ते कळलेही नाही. गोळी ठिपक्यापासून चार बोटे डावीकडे लागली होती. मी लगेच दुसरे काडतूस मागितले.

परत धसईला आलो तो हा रोग घेऊनच.

येथे आल्यावर प्रथम कायद्याने माझा अर्धा प्रश्न सोडवला. पुतण्याच्या कराबिनीचे काडतूस नऊ मिलिमीटरचे; तो बोअर आपल्याकडे सामान्य नागरिकास निषिद्ध. शिवाय ती आपोआप पुढले काडतूस चढवणारी, तेही निषिद्ध. पोलिसाच्या खांद्यावर लोंबणारी कार्बाइन पाहून समाधान मानावे, यापलीकडे १९५९ चा कायदा आणि २०१६ चे नियम मला काही देऊ करीत नव्हते. परंतु लोभ हा असा प्राणी आहे, की त्याला दारातून हाकलले तर तो लहान होऊन खिडकीतून येतो. कराबीन नाही, तर पॉइंट टू-टू बोअरची साधी रायफल का नको? तिला परवाना मिळू शकतो. म्हणून तो अर्ज.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला ही हकीगत कळताच तो उत्साहाने पेटला. इंग्रजांनी १८७८ च्या कायद्याने आपल्याला निःशस्त्र केले. १९३१ च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांस अनुसरून शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. आणि तू तर मुरबाड तालुक्यात राहतोस, जेथे सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी पडले. तुला तरी बंदुकीचे महत्त्व सांगायला नको! मी त्याचे सारे ऐकून घेतले. युक्तिवाद उत्तम होता, पण तो माझा नव्हता. मला कोणत्याही साम्राज्याशी लढावयाचे नव्हते. मला कागदाला भोके पाडावयाची होती. एका क्षुल्लक हौसेला हुतात्म्यांची साक्ष काढणे मला अंमळ लाजिरवाणे वाटले.

घरातला विरोध याहून व्यवहारी निघाला. सौभाग्यवतींनी नियम माझ्यापेक्षा बारकाईने वाचले. "अहो, वैद्यकीय दाखला हवा, मनाचासुद्धा. शस्त्र हाताळण्याचं शिक्षण हवं. बंदूक कुलपात ठेवीन म्हणून लिहून द्यायचं. आणि निवडणूक आली की बंदूक ठाण्यात जमा! आपल्याकडे ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, विधानसभा, लोकसभा. तुमची बंदूक घरी राहणार तरी किती दिवस?"

मी तेजस्विनी सावंतचे उदाहरण दिले. कोल्हापूरची ही मुलगी २०१० साली म्युनिकला जगज्जेती झाली. कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळवले. खेड्यातला मुलगा, पन्नास मीटरांवरून, तीन आसनांत!

"त्यांना मैदान आहे," ती म्हणाली. "तुम्हांला परसू आहे. आणि परसवापलीकडे वाडी आहे."

वाडीचा उल्लेख तिने सहज केला की मुद्दाम, ते मी विचारले नाही.

आमचे धसई गाव १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातले पहिले रोकडविरहित गाव म्हणून वर्तमानपत्रांत गाजले होते. भाजीवालीपाशीही कार्ड घासण्याचे यंत्र आले होते. पण जुन्या माणसांच्या लेखी धसई म्हणजे भाताची खाचरे, आणि भात म्हटले की डुकरे. दिवाळीच्या सुमारास दाणा भरला, की रानडुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचे पीक लोळवून जातो. त्यासाठी पूर्वी कोणाकोणाकडे परवान्याची ठासणीची बंदूक असे. आमच्या थोरल्या काकांकडेही होती. ओटीवरच्या खुंटीला ती टांगलेली असे, आणि आम्हां मुलांना तिच्याकडे बोट दाखवण्याचीही मुभा नव्हती.

१९७१ साली मी दहा वर्षांचा होतो. कार्तिकातली रात्र होती. खालच्या खाचरात काहीतरी खसफसले, म्हणून काका बंदूक घेऊन निघाले. मी अंथरुणात जागा होतो. आवाज झाला, आमच्याकडे मोठा आवाज एकदा होऊन थांबत नाही, सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून तो परत येतो. तो परत आला, आणि त्याच्या पाठोपाठ माणसाची किंकाळी आली. राखणीला बसलेला वाडीतला सोळा वर्षांचा मुलगा माळ्यावरून उतरून पाण्याला निघाला होता. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात गेले. एका ट्रकमधून त्याला कल्याणला नेले. तो वाचला, गुडघा मात्र पुन्हा वाकला नाही. तीन दिवसांनी काकांनी बंदूक स्वतः ठाण्यात नेऊन दिली. पुढल्या वर्षी वाडीला लागून असलेली आमची अर्धा एकर जमीन त्या मुलाच्या बापाच्या नावे झाली. त्या अर्ध्या एकराविषयी आमच्या घरात नंतर कोणी कधी बोलले नाही. काका तर त्यानंतर फारसे कशाविषयीच बोलले नाहीत.

तो मुलगा आज सत्तरीचा आहे. मी त्याला दादा म्हणतो. संध्याकाळी काठी टेकीत तो आमच्या ओटीवर येतो, चहा घेतो, पावसाचे बोलतो. इतक्या वर्षांत त्याने ती रात्र माझ्यापाशी काढली नाही, व मीही नाही. मी अर्ज खणात का ठेवून दिला होता, हे खरे म्हणजे मला ठाऊक होते. निवडणुकांचा आणि दाखल्यांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

शेवटी एका संध्याकाळी मी धीर करून त्याला सांगितले. डुकरासाठी नव्हे, शिकारीला तर १९७२ पासून कायद्याने आळा घातला आहे. नुसती कागदावर नेम मारण्यासाठी एक रायफल घ्यावी असे मनात आहे. त्याला काय वाटते?

त्याने बशीतला चहा संपवला. मग म्हणाला, "घ्या की, भाऊ. पर वाजवायच्या आधी मला हाक मारा. मंग मी हितं ओटीवर येऊन बसंन."

एवढेच. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता. पाऊस येणार असेल तर वाळवण आत घ्यावे, इतक्या साधेपणाने तो बोलला. मी म्हणालो, बरे. तो गेल्यावर मी खण उघडला आणि अर्ज बाहेर काढला. त्यात परवाना कशासाठी हवा, याचा एक रकाना आहे. तो मी आजवर अनेकदा मनाशी भरून पाहिला होता. त्या रात्री मात्र तेथे लिहावयाला मजपाशी काहीच उरले नव्हते. एका कागदाच्या ठिपक्यासाठी सत्तरीच्या माणसाने दर वेळी काठी टेकीत चढ चढून यावे, असे काही मला लिहिता येईना.

हौस मेली असे मात्र नव्हे. ती मरती तर माझ्याविषयी मला अधिक आदर वाटला असता! पुढच्या महिन्यात मी मुंबईहून एक एअरगन आणली. पॉइंट वन-सेव्हन-सेव्हनपर्यंतच्या बोअरची आणि वीस जूलपेक्षा अधिक जोर नसलेली असली, की तिला परवाना लागत नाही. चापावर बोट ठेवून थांबावयाचा तो दीड सेकंद तिच्यातही तेवढाच असतो, याची मी दुकानातच खात्री करून घेतली. सौभाग्यवतींनी त्या कोऱ्या अर्जाच्या पाठीवर दुधाचा हिशेब लिहावयास घेतला आहे.

परसवात, डोंगराच्या बाजूला, मातीचा बांध आहे. त्याला टेकून पेंढ्याचे दोन भारे रचले, त्यावर कागद टाचला, आणि कबूल केल्याप्रमाणे वाडीकडे तोंड करून हाक मारली. दादा आला. ओटीच्या कडेला पाय लांब करून बसला आणि काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून त्याने डोळे मिटले. मी ते पाहिले आणि नेम धरण्याचे विसरलो. छर्रा कुठेतरी पेंढ्यात गेला.

"वाजवा की," तो डोळे न उघडता म्हणाला.

"वाजवली," मी म्हणालो.

त्याने डोळे उघडले. "येवढीच?" आणि काठी बाजूला ठेवून हात पुढे केला. मी छर्रा भरून दिला, दस्ता त्याच्या खांद्याशी लावून दिला, माशी कशी धरावी ते सांगितले. तो बराच वेळ एक डोळा मिटून पाहत राहिला.

"भाऊ, माशी दिसत न्हाय."

मी त्याच्या डोळ्यांत पाहिले. दोन्हींवर दुधाची साय धरावी तसा मोतीबिंदू होता, आणि तो कधीपासून होता हे मी, रोज त्याच्यासमोर बसून, पाहिले नव्हते. बंदूक परत पेटीत गेली. येत्या सोमवारी सकाळच्या एस. टी. ने आम्ही दोघे मुरबाडला डोळे दाखवावयास जाणार आहोत.