एका बीजगणिताची खरेदी

आमच्या लहानपणी ‘बाहेरून बसणं’ हा एक भयंकर शब्दप्रयोग होता. ‘त्यांचा मुलगा दहावीला बाहेरून बसलाय’ असं कुणी म्हटलं, की पुढचं वाक्य हळू आवाजात यायचं. सतरा नंबरचा फॉर्म भरणारा म्हणजे एक तर नापास झालेला, नाहीतर नोकरीला लागलेला, नाहीतर हाताबाहेर गेलेला. चौथा प्रकार असतो हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. आज माझ्या मावसबहिणीची मुलगी, म्हणजे माझी भाची, त्या चौथ्या प्रकारात आहे. वय वर्षं चौदा. शाळा सोडून दीड वर्ष झालं, घरीच शिकते. नापास ती आयुष्यात कधी झालेली नाही.

‘होमस्कूलिंग’ हा शब्द ऐकायला एकदम कूल वाटतो. प्रत्यक्षात मंगळवारी सकाळी अकरा वाजता लिफ्टमध्ये भेटलेल्या काकू विचारतात, “आज सुट्टी का गं?” आणि चौदा वर्षांच्या मुलीला रोज नवीन उत्तर शोधावं लागतं.

या सगळ्यात माझा प्रवेश झाला तो एका वाक्यानं, “तुला काय, तू घरीच असतेस!” तुमच्यापैकी जे फ्रीलान्सिंग करतात त्यांना हे वाक्य पाठ असेल. गॅसवाल्याची वाट बघण्यापासून कुणाच्या तरी आजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेण्यापर्यंत सगळी कामं याच वाक्याला चिकटून येतात. या वेळी ताईनं दिलेलं काम जरा वेगळं होतं. लेकीसाठी बीजगणिताचं पुस्तक निवडायचं. मी मास कॉमवाली. दहावीचा भूमितीचा पेपर संपला त्या संध्याकाळी आम्ही मैत्रिणींनी भेळ खाल्ली आणि गणित या विषयाला कायमचा निरोप दिला. पण ताईचं लॉजिक बिनतोड होतं. “तू पत्रकार ना? मग दहा जणांना विचार आणि एक नाव सांग.”

दहा जणांना विचारलं. अकरा नावं मिळाली.

पुस्तकाचा एवढा बाऊ कशाला, असं वाटेल. त्यासाठी शाळा का सुटली ते सांगायला हवं. सातवीत असताना माझ्या भाचीनं वर्गात एक प्रश्न विचारला, ऋण गुणिले ऋण धन का होतं? उत्तर मिळालं, नियम आहे. तिनं परत विचारलं, नियम का आहे? तो तास तिनं वर्गाबाहेर उभं राहून काढला. (शाळा नावाजलेली आहे. नाव राहू दे.) त्यानंतर ज्या दिवशी पहिला तास गणिताचा, त्या दिवशी सकाळी पोटात दुखायचं. मग रोजच दुखायला लागलं. दोन डॉक्टर झाले, एक समुपदेशक झाल्या आणि शेवटी आठवीत ताईनं दाखला काढला. एका प्रश्नानं शाळा सुटत नाही, आणखी बरंच काही साचलेलं होतं. पण पोटदुखीची तारीख त्या तासापासूनची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

आता ती एनआयओएसमधून दहावी करणार. म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, १९८९ साली सुरू झालेलं केंद्र सरकारचं बोर्ड. तिथली गंमत अशी, की पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा हवी, पण गणित सक्तीचं नाही. हे कळल्यावर भाऊजींचा चेहरा उजळला. “सोडून टाक ना ते गणित. चित्रकला घे, होम सायन्स घे. पोरगी हसायला लागलीय, पुन्हा कशाला तो ताप?” बापाचं म्हणणं खोटं नव्हतं. पण या मुलीच्या वह्यांची मागची पानं बघितलीत तर तिथं फक्त घरं असतात. घरांची चित्रं नाहीत, नकाशे. दार कुठं उघडतं, जिना कुठं वळतो, न्हाणीघराला खिडकी कुठून मिळेल. तिला आर्किटेक्ट व्हायचंय. आर्किटेक्चरच्या प्रवेशाला बारावीचं गणित लागतं आणि दहावीला गणित सोडलं तर बारावीचा रस्ता तिथंच अडतो. ताई आणि भाऊजी यावर तीन रात्री भांडले. भाचीला विचारलं तेव्हा ती म्हणाली, “पुस्तक बघून सांगते.”

म्हणजे सगळं त्या पुस्तकावर येऊन ठेपलं होतं.

पुण्यात पुस्तक म्हटलं की अप्पा बळवंत चौक. दुकानातल्या काकांनी एका दमात तीन प्रश्न टाकले, “बोर्ड कुठलं? मीडियम कुठलं? कितवी?” मी म्हटलं, मुलगी घरी शिकते. काकांनी चष्म्यावरून बघितलं. “मग क्लास कुठला? सर ज्याचं नाव सांगतात ते देतो.” क्लास नाही, सर नाहीत, हे ऐकल्यावर त्यांनी सहानुभूतीनं एक जाडजूड गाइड आणि एक अपेक्षित प्रश्नसंच काढून दिला. त्यांचं चुकलं नाही. त्या चौकात पुस्तक हे सरांच्या सोबत येतं. एकटं पुस्तक मागणारं गिऱ्हाईक तिथं कमीच.

आठवडाभरात ताईच्या डायनिंग टेबलवर ढीग झाला. बालभारतीचं नववीचं गणित भाग १ (२०१७ सालचं) आणि दहावीचं भाग १ (२०१८ सालचं). महाराष्ट्रात भाग १ म्हणजे बीजगणित, भाग २ म्हणजे भूमिती. मग एनसीईआरटी. मग खुद्द एनआयओएसची पुस्तकं. (या तिन्ही संस्थांची पुस्तकं इंटरनेटवरून फुकट उतरवून घेता येतात, हे ज्यांच्या घरात शाळकरी मूल आहे त्यांनी लक्षात ठेवावं.) ताईला परदेशी बोर्डाची हौस, म्हणून मैत्रिणीकडून आणलेली दोन गुळगुळीत कागदाची ठोकळा पुस्तकं. आणि ताईच्या सासऱ्यांनी कपाटातून जपून काढलेलं हॉल आणि नाइट. मूळ पुस्तक १८८५ सालचं, भारतात अजून छापलं जातं. त्यात उदाहरणांचा नुसता पाऊस आहे. आजोबा म्हणाले, “हे संपवलं की जगात कशाची भीती राहत नाही.” नातीनं पुस्तक उघडलं, बारीक टाइप बघितला आणि नम्रपणे मिटून ठेवलं.

बालभारतीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दहावीच्या त्या पुस्तकात ‘अर्थनियोजन’ नावाचं प्रकरण आहे. जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड, एसआयपी. नोकरीला लागून पाच-पाच वर्षं झालेल्या आणि पगाराच्या दिवशी मला फोन करून ‘एसआयपी म्हणजे नक्की काय गं?’ विचारणाऱ्या माझ्या मित्रमंडळींनी ते आजच वाचावं. लाज वाटायचं कारण नाही, चकटफू आहे.

पण भाचीची परीक्षा वेगळीच होती. तिनं प्रत्येक पुस्तक घेतलं आणि एकच पान शोधलं, ऋण गुणिले ऋण. नववी-दहावीच्या पुस्तकांत ते सापडेना, कारण हा भाग आधीच्या इयत्तांत होऊन गेलाय असं ती पुस्तकं धरून चालतात. त्यांच्या जागी ते बरोबरच आहे. शाळेचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एक वर्ग असतो, फळ्यापाशी कुणीतरी उभं असतं. पुस्तकानं अर्धं सांगायचं, उरलेलं अर्धं त्या माणसानं. भाचीच्या टेबलापाशी तो माणूस नाही. आणि एकदा होता तेव्हा त्यानं तिला बाहेर उभं केलं होतं.

मग अकरा नावांतलं दहावं नाव निघालं. एका इंजिनीअर मित्रानं सुचवलेलं, गेलफांड आणि शेन यांचं ‘अल्जिब्रा’. इंग्रजीत १९९३ साली आलं. पार्सल उघडलं तेव्हा भाची म्हणाली, “एवढंसंच?” दीडशेच्या आसपास पानं. रंगीत चित्रं नाहीत, ‘लक्षात ठेवा’च्या चौकटी नाहीत. सुरुवात कुठून, तर तीन अधिक पाच आणि पाच अधिक तीन सारखंच का येतं इथून. आणि थोडं पुढं तिचं पान होतं. पाच डॉलरचा दंड तीनदा भरला तर पंधराचं नुकसान. पाच डॉलरचा दंड तीनदा भरावा लागला नाही, तर पंधरा वाचले. संपलं!

याचं जरा कोरडं कारणही चारच ओळींचं आहे. पाच आणि उणे पाच मिळून शून्य. शून्याला उणे तीननं गुणलं तरी शून्यच. आता तेच सुटं सुटं गुणा. उणे तीन गुणिले पाच म्हणजे उणे पंधरा. त्यात उणे तीन गुणिले उणे पाच मिळवल्यावर शून्य यायचं असेल, तर ते अधिक पंधराच असायला हवं, दुसरा पर्यायच नाही. भाचीनं हे वहीत दोनदा लिहिलं. मग म्हणाली, “एवढंच सांगायचं होतं ना त्यांनी?” मी काही बोलले नाही. ताई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

या इस्रायल गेलफांडची गोष्ट मला नंतर कळली. जन्म १९१३, आजच्या युक्रेनमधला. शाळा पुरी झालीच नाही. सोळा-सतराव्या वर्षी मॉस्कोला आला, पडेल ती कामं केली, लेनिन लायब्ररीच्या दारावरही उभा राहिला. एकोणिसाव्या वर्षी पदवी नसताना मॉस्को विद्यापीठानं त्याला थेट पुढच्या शिक्षणाला घेतलं आणि तो विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांपैकी एक झाला. १९६४ साली त्यानं पत्रानं गणित शिकवणारी शाळा सुरू केली, मोठ्या शहरांपासून लांब राहणाऱ्या मुलांसाठी. मुलं उदाहरणं सोडवून टपालानं पाठवायची, तपासून परत यायची. हे पुस्तक त्याच परंपरेतलं आहे. जवळ कुणी शिकवणारं नाही, असं धरूनच ते बोलतं.

हे ऐकून भाची म्हणाली, “म्हणजे तोपण बाहेरून बसला?”

पुस्तकानं सगळे प्रश्न मिटवले असं मात्र नाही. ‘(अ + ब) चा वर्ग’ आला आणि गाडी अडली. माझ्या डोक्यात अजून तो शाळेतला घोष आहे, ‘पहिल्या पदाचा वर्ग, अधिक दोन गुणिले पहिलं पद गुणिले दुसरं पद, अधिक दुसऱ्या पदाचा वर्ग.’ रात्री झोपेतून उठवलंत तरी म्हणेन. अर्थ कधी कुणी विचारला नव्हता. भाची मात्र नुसते दोन वर्ग लिहून मोकळी व्हायची. मधलं ‘दोन अब’ येतं कुठून? मग तिनंच तिच्या भाषेत प्रश्न मांडला. एक चौकोनी हॉल काढला, तेरा बाय तेरा फूट. दहा फुटांवर एक भिंत उभी, एक आडवी. चार खोल्या झाल्या. मोठी दहा बाय दहा, कोपऱ्यातली छोटी तीन बाय तीन, आणि दोन लांबट पट्ट्या, दहा बाय तीनच्या. पूर्ण हॉल १६९ चौरस फूट. फक्त दोन वर्ग मिळवले तर १०९. ती ओरडलीच, “मावशी, मी साठ फूट हरवत होते!”

साठ चौरस फूट! पुण्यात फ्लॅट बुक केलेल्या कुणालाही विचारा, साठ चौरस फूट म्हणजे किती लाखांचा मामला आहे ते. भाऊजींनी हातातला पेपर खाली ठेवला आणि तो नकाशा बघायला उठून आले. गणित सोडून देण्याचा विषय घरात त्यानंतर निघालेला नाही.

भास्कराचार्यही याच ओघात आले, आजोबांकडून. चाळीसगावजवळच्या पाटण गावात त्यांच्या घराण्याचा शिलालेख आहे, म्हणजे अगदी आपल्या घरचे. ११५० सालच्या त्यांच्या ‘सिद्धांतशिरोमणी’चा एक भागच ‘बीजगणित’ नावाचा. त्यात अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत. पहिली ‘यावत्तावत्’, आणि मग कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना नुसतं पहिलं अक्षर, या, का, नी, पी. भाचीला हे भलतंच आवडलं. आता तिच्या वहीत दोन अज्ञातांची समीकरणं निळ्या आणि पिवळ्या स्केचपेननं असतात. परीक्षेत एकाच शाईनं लिहावं लागेल, हे ताई तिला दर दोन दिवसांनी सांगते.

अखेर ठरलं ते असं. परीक्षा एनआयओएसची, म्हणून कणा एनआयओएसच्या पुस्तकाचा. ते एकट्यानं वाचणाऱ्यासाठीच लिहिलंय, मध्येच प्रश्न विचारतं आणि धड्याच्या शेवटी उत्तरं देतं. हात चालायला बालभारती. आणि गेलफांड रविवारी, घाई न करता, एका बैठकीला दोन पानं. नुसत्या गेलफांडवर दहावी होणार नाही, हे मी ताईला स्पष्ट सांगितलं. त्यात सांख्यिकी नाही, जीएसटी नाही, आणि काही उदाहरणांची उत्तरं तो देतच नाही. ठोकळा पुस्तकं मैत्रिणीकडे परत गेली. हॉल-नाइट मात्र टेबलवरच आहे. सासऱ्यांचा मान म्हणून असेल, किंवा भाची अधूनमधून त्यातलं एखादं उदाहरण गुपचूप सोडवते म्हणून असेल.

एनआयओएसला नावनोंदणी पाच वर्षं चालते आणि परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. त्यामुळे घाई कुणालाच नाही. फॉर्मवर विषयांच्या रकान्यात गणितापुढची खूण भाचीनं स्वतः केली, पोटबीट न दुखता.

काल ताईचा परत फोन आला होता. आता भूमितीचं पुस्तक. “तुला काय, तू...” इथपर्यंत ऐकलं आणि मी म्हटलं, “ताई, रेंज जातेय गं.”