घोणस, चिकन आणि गुगल

शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की बारामती-इंदापूरकडचा शेतकरी बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. घोणशीचा वावरही तिथंच. म्हणून ऑनलाइन आरोग्य-माहितीचा माझा वर्ग, आशाताईंचा असो की बचत गटाचा, मी सापापासून सुरू करते. 'साप चावल्यावर काय करावे' हे सगळ्यांनी आपापल्या मोबाइलवर शोधायचं. काही उत्तरं सांगतात, वर घट्ट आवळून बांधा. काही सांगतात, अजिबात बांधू नका. वर्ग बहुधा 'बांधा'च्या बाजूचा असतो, कारण लहानपणापासून तेच ऐकलेलं.

मग मी विचारते, हे कोण सांगतंय आणि कधीचं आहे? जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालय, दोघांच्याही मार्गदर्शिका आज आवळून बांधायला मनाई करतात. घोणशीच्या विषानं मांस आधीच सडायला लागलेलं असतं. त्यात रक्तपुरवठा तोडला तर पाय गमवायची वेळ येते. कापायचं नाही, चोखायचं नाही, पाय हलू न देता १०८ ला फोन करून दवाखाना गाठायचा. साप मारून सोबत न्यायचीही गरज नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर आपल्याकडं एकच प्रतिविष चालतं. अर्थात हे सगळं आधी, घरी निवांत बसून वाचायचं. साप चावल्यावर गुगल उघडणाऱ्याला मी काहीच शिकवू शकत नाही.

पानाचं रूप बघून विश्वास ठेवायला शिकवणाऱ्या याद्या मला पटत नाहीत. शुद्धलेखन, लोगो, पांढऱ्या कोटातला माणूस, हे आता कुणालाही जमतं. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासतज्ज्ञ, विद्यापीठाचे विद्यार्थी आणि बातम्यांची खातरजमा करणारे पत्रकार अशा तीन गटांना एकाच कामाला बसवलं होतं. समोर अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं. नावं जवळपास सारखी. एक १९३० पासूनची मोठी, दुसरी २००२ साली तिच्यातून फुटून निघालेली छोटी. शिकलेसवरलेले लोक पान बारकाईनं वाचत बसले आणि त्यातले बरेच फसले. पत्रकार मात्र लगेच पानाबाहेर पडले आणि या संघटनेबद्दल इतर काय म्हणतात ते पाहू लागले. स्थळ आलं की आपण मुलाच्या आईला 'मुलगा कसा आहे' असं विचारून थांबत नाही, गावात चौकशी करतो, तेच हे. इंदापूरच्या बायकांना ही गोष्ट इतिहासतज्ज्ञांपेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे.

चौकशी कोणत्या शब्दांत करतो, यावरही बरंच ठरतं. 'शुगर मुळापासून घालवण्याचे उपाय' लिहिलं की कारलं, मेथी आणि खाली चूर्णवाल्याचा नंबर. 'मधुमेह उपचार' लिहून पुढं 'आयसीएमआर' किंवा 'एम्स' जोडलं की वेगळीच पानं वर येतात. शिवाय औषधानं मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या कायद्यानं बंदी आहे. हे ऐकलं की वर्गात हमखास कुणीतरी मोबाइल काढून एखादी जाहिरात दाखवतं.

खरी पंचाईत अर्धसत्याची. फेब्रुवारी २०२० मध्ये चिकननं कोरोना होतो म्हणून मेसेज फिरले आणि राज्यभरातल्या पोल्ट्रीवाल्यांचे पक्षी मातीमोल झाले. ते निखालस खोटं होतं. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस म्हणजे गिया-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा पुन्हा चिकनचं नाव आलं. या वेळी त्यात तथ्याचा अंश होता. ज्या जिवाणूंच्या संसर्गानंतर हा आजार उद्भवू शकतो, त्यांतला एक दूषित पाण्यातून येतो तसा कच्च्या राहिलेल्या मांसातूनही येतो. नीट शिजवलं की तो मरतो. खरं की खोटं एवढंच विचारायची सवय लागलेल्याला इथं उत्तर सापडत नाही.

एका तासाच्या व्याख्यानानं यातलं काही साधत नाही. बिहारमध्ये २०१९ च्या निवडणुकीच्या वेळी संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी तसा प्रयोग केला. लोकांची पारख सुधारली नाही. पुढं त्यांनी आणि सहकाऱ्यांनी बिहारमधल्याच गावांत आठवी ते बारावीच्या मुलांचे काही आठवड्यांच्या अंतरानं चार वर्ग घेतले. त्याचा परिणाम महिन्यांनंतरही टिकला, आणि वर्गात न आलेल्या आईवडिलांतही थोडा उतरला. तेव्हापासून मी हायस्कूलची मुलं मागून घेते. घरच्या ग्रुपवरचा एक मेसेज आणायचा, पानाबाहेर पडून चौकशी करायची आणि जे निघेल ते घरी सांगायचं, एवढाच गृहपाठ. ग्रुपवर मात्र लिहायचं नाही. चुलत्याला सगळ्या भावकीसमोर 'हे खोटं आहे' म्हटलं की चुलते मेसेज मागं घेत नाहीत, आणखी दोन टाकतात.