गळ्याला धरणारी पट्टी

ब्लाउज घालून बघताना बाईची नजर आधी गळ्यावर जाते. गळा लोंबला, कड उभी राहिली किंवा मागे चुण्या पडल्या की बोल लागतो कटिंगला. अशा वेळी मी शिवण शिकणाऱ्या मुलींना पट्टी उलटून बघायला सांगते. पुष्कळदा कटिंग नेमकं असतं आणि पट्टी भलत्याच दिशेने कापलेली असते.

साधा सुती रुमाल घ्या. उभ्या धाग्यात ओढा, तो जवळजवळ हलत नाही. आडव्यात किंचित देतो. आता समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा. कापड लांबतं आणि रुंदीला आकसतं. धागे तेवढेच राहतात, त्यांच्यामधले चौकोन तिरपे होतात. बरोबर ४५ अंशांवर हा गुण सर्वांत जास्त, आणि तीच खरी उरेब. पॅरिसच्या फॅशन डिझायनर मादलेन व्हिओने यांनी १९२०च्या दशकात अख्खे झगे उरेबमध्ये कापून या गुणाचं सोनं केलं. आपण तो गळ्यापुरता आणि मुंढ्यापुरता वापरतो.

उरलेल्या चिंध्यांतून जमेल त्या कोनात पट्टी काढण्याची काटकसर मला अजिबात मान्य नाही. अशी पट्टी ताणली की तिरपी सरकते आणि दुमडल्यावर तिला पीळ पडतो. इस्त्रीने तो जात नाही. खरी उरेब काही फार कापड खात नाही. १२ इंची चौकोनी तुकड्यातून सव्वा इंच रुंदीची पट्टी हिशेबाने ११५ इंच निघते. कोपरे आणि जोड वजा केले तरी गळा आणि दोन्ही मुंढे होतात. जोड मात्र तिरकाच द्यायचा, म्हणजे सगळे थर एका जागी साठत नाहीत. आणि सुती कापड आधी भिजवून वाळवायचं, नाहीतर पट्टी पहिल्या धुण्यात आटते आणि चांगला बसलेला गळा चुणतो.

खरं काम आहे हाताच्या ताणाचं. गोट घालताना पट्टी सुलटावर सुलट ठेवून पाव इंचावर टीप मारतो, मग ती कडेवरून उलट बाजूला नेतो. गळ्याची गोलाई आत वळलेली असते, म्हणून टिपेच्या रेषेपेक्षा कड लहान भरते. पट्टी नुसती ठेवून शिवली तर कडेवर ती जास्त होते आणि उभी राहते. म्हणून गोलाईवर पट्टी किंचित ओढायची आणि सरळ भागात सोडून द्यायची. किती ओढायची ते इंचात सांगता येत नाही. मलमल थोड्या ओढीनेही लांबते, पॉपलीनला जोर लागतो. पण ओढायची ती पट्टी. गळ्याला हात लावायचा नाही. गळ्याचा काही भाग आपोआप उरेबमध्ये येतो आणि हाताळता हाताळता वाढतो. म्हणून कापल्याबरोबर त्याच्या कडेला आतून एक साधी टीप मारून तो पक्का करावा, हा माझा आग्रह.

मुंढ्याला पुढची खोली मागच्यापेक्षा जास्त असते. बिनबाह्यांच्या ब्लाउजला छातीजवळ फट पडते ती तिथेच. पुढच्या गोलाईत पट्टी ओढा, काखेखाली ताण कमी करा, नाहीतर काचतं. शेवट मी हातानेच करते. मशीनची दुसरी टीप वरचा थर पुढे ढकलते, आणि नेमक्या उरेबमध्ये कापलेल्या पट्टीलाही मग तिरप्या सुरकुत्या येतात.

झबल्याचा गोट मला सर्वांत आवडतो. मऊ मलमलीची अरुंद पट्टी गळ्याभोवती फिरवून दोन्ही टोकांना तशीच पुढे न्यायची, दुमडून शिवायची, की मागचे बंद तयार. वेगळी नाडी नको, बाळाच्या मानेला टोचेल असा जोड नको.

हल्ली खणाच्या ब्लाउजसाठी पुष्कळ जणी येतात. खणाचा काठ गोल गळ्याभोवती फिरवून हवा असतो. काठ उभ्या धाग्यातला, तो गोलाईवर वळत नाही; वळवला तर दर इंचाला चुणी घ्यावी लागते. मी त्यांना चौकोनी गळा सुचवते, कोपऱ्यात काठाला तिरका जोड देते. गोलच हवा असेल तर काठ बाहीला लावते, आणि गळ्याला त्याच रंगाच्या केम्ब्रिकची उरेब.